धडक कोणाची, भरपाई कोणाची? पादचाऱ्याप्रती मोटारचालक आणि सायकलस्वार यांची जबाबदारी

फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनमधील एका वर्दळीच्या रस्त्यावर १८ वर्षांचा एक सायकलस्वार रस्ता ओलांडत असलेल्या ४४ वर्षांच्या महिलेवर आदळला. तिच्या डोक्याला जबर मार लागला आणि आठवडाभरात तिचा मृत्यू झाला. ती सायकल शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेली होती आणि तिला पुढचा ब्रेकच नव्हता. ब्रिटिश नियमांनुसार अशी सायकल सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. २०१७ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा सरकारी पक्ष पेचात पडला. धोकादायक रीतीने वाहन चालवून मृत्यू घडवणे हा मोटारचालकांसाठी स्वतंत्र गुन्हा होता, पण सायकलस्वारांसाठी तसे कलमच नव्हते. अखेर ज्युरीने त्या तरुणाला सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त केले आणि घोडागाड्यांच्या जमान्यात, १८६१ साली झालेल्या कायद्यातील बेफाम वाहन हाकून इजा करण्याच्या कलमाखाली दोषी ठरवले. शिक्षा १८ महिन्यांची झाली. त्या कलमाखाली जास्तीत जास्त दोनच वर्षे देता येतात.

अशी बातमी आली की वादाला तोंड फुटते. सायकलवाल्यांना कायदाच लागू नाही, असे एक बाजू म्हणते. माणसे मारतात मोटारी आणि ओरड मात्र सायकलींविरुद्ध, असे दुसरी म्हणते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरीही वाद जागचा हलत नाही, कारण ‘जबाबदार कोण’ या एका प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न कोंबलेले असतात: गुन्हा कोणी केला, नुकसान कोणी भरून द्यायचे, आणि धडक होऊच नये म्हणून जास्त काळजी कोणी घ्यायची. या तिन्हींची उत्तरे एकच असायला हवीत असे नाही, आणि जिथे कायद्याने ती नीट वेगळी केली आहेत तिथे पादचाऱ्याच्या पदरात काहीतरी पडते. समजून घेताना मात्र शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी, कारण बाकीच्या दोघांचा आधार तोच आहे.

वजन आणि वेग

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील २३ टक्के पादचारी होते आणि ६ टक्के सायकलस्वार. पादचारी इतक्या मोठ्या संख्येने का मरतात, हे कळायला शाळेतले थोडे पदार्थविज्ञान पुरते.

हलणाऱ्या वस्तूत तिच्या हालचालीमुळे जी ऊर्जा असते तिला गतिज ऊर्जा म्हणतात. वस्तूचे वजन दुप्पट झाले तर ही ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणाऱ्या ७० किलोच्या माणसाची गतिज ऊर्जा सुमारे ७० ज्यूल भरते. सायकलसह ९० किलो वजनाचा माणूस ताशी २० किलोमीटर वेगाने जात असेल तर ती सुमारे १,४०० ज्यूल होते, आणि दीड टन वजनाची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असेल तर सुमारे १,४५,००० ज्यूल. म्हणजे सायकलस्वार पादचाऱ्याच्या वीसपट ऊर्जा घेऊन फिरतो आणि मोटार सायकलस्वाराच्या शंभरपट. सायकल निरुपद्रवी आहे असे म्हणणारे यातला पहिला आकडा विसरतात आणि सायकल व मोटार यांना एकाच मापाने मोजणारे दुसरा.

थांबायला लागणारे अंतर हा याच हिशेबाचा पुढचा भाग आहे. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार त्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावूनही थांबेपर्यंत आणखी तितकेच अंतर घेते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार याच परिस्थितीत एकूण १३ मीटरच्या आसपास पूर्णपणे थांबते. तेव्हा दोन्ही मोटारींच्या १३ मीटर पुढे एकेक मूल रस्त्यावर आले, तर संथ मोटार त्याच्याजवळ येऊन थांबेल आणि वेगवान मोटार ब्रेक लागण्याआधीच, पूर्ण वेगानिशी त्याला धडकेल. पाहणाऱ्याला हा वेगातला फरक किरकोळ वाटतो.

अमेरिकेतील धडकांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे आढळले की, मोटारीने ताशी ३७ किलोमीटर वेगाने धडक दिल्यास पादचारी मरण पावण्याची शक्यता सरासरी १० टक्के असते. ताशी ५१ किलोमीटरला ती २५ टक्के होते आणि ताशी ६८ किलोमीटरला ५० टक्के. याच अभ्यासानुसार ७० वर्षांच्या माणसाला ताशी ४० किलोमीटर वेगाने बसलेली धडक ३० वर्षांच्या माणसाला ताशी ५६ किलोमीटर वेगाने बसलेल्या धडकेइतकी घातक असते. वाहनाच्या आकाराचाही संबंध आहे. कमी उंचीच्या बॉनेटची धडक पायांना बसते आणि माणूस बॉनेटवर आडवा पडतो. उंच आणि उभ्या तोंडाच्या गाडीची धडक थेट छातीला किंवा कमरेला बसते आणि माणूस खाली, चाकांच्या दिशेने ढकलला जातो. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. म्हणजे ही जोखीम थोडीफार गाडी विकत घेतानाच ठरून जाते.

जास्त काळजी कोणी घ्यायची?

खांद्यावर लांब शिडी घेऊन गर्दीतून जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. सगळ्यांनीच पाहून चालावे हे खरे, पण वळताना शिडीचे मागचे टोक कोणाच्या डोक्याला लागेल हे पाहण्याचे काम त्याचे आहे, मागून चालणाऱ्या प्रत्येकाचे नाही. शिडी त्याच्या सोयीसाठी आहे आणि ती लागली तर दुखणार दुसऱ्याला आहे. तो वाईट माणूस आहे असे यातून मुळीच निघत नाही. जो गर्दीत धोका आणतो, त्याने त्या धोक्याच्या मानाने काळजी घ्यावी, एवढेच निघते.

ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २९ जानेवारी २०२२ पासून हेच तत्त्व स्पष्ट शब्दांत आले आहे. धडक झाल्यास ज्या वाहनामुळे सर्वाधिक इजा होऊ शकते, ते चालवणाऱ्यावर इतरांचा धोका कमी करण्याची सर्वाधिक जबाबदारी, असा हा क्रम आहे. अवजड वाहने सर्वांत वर, मग मोटारी, मग मोटारसायकली. त्याच नियमात पुढे सायकलस्वार आणि घोडेस्वार यांच्यावरही पादचाऱ्यांचा धोका कमी करण्याची जबाबदारी टाकली आहे. सायकलस्वारांची बाजू घेणारे बरेच जण हा नियम अर्धाच सांगतात. मोटारींपुढे आपण दुबळे आहोत ही एक गोष्ट झाली. पादचाऱ्यापुढे शिडी आपल्याच खांद्यावर असते, ही दुसरी.

त्याच वेळी आणखी एक बदल झाला. बाजूच्या रस्त्यात वळणाऱ्याने तो रस्ता ओलांडणाऱ्यालाच नव्हे, तर ओलांडण्यासाठी कडेला थांबलेल्या पादचाऱ्यालाही आधी जाऊ द्यावे, असे नियमावली आता सांगते, आणि हे मोटारचालक, मोटारसायकलस्वार व सायकलस्वार अशा सर्वांना लागू आहे. यातल्या बऱ्याच सूचना सल्ल्याच्या स्वरूपाच्या आहेत. त्या मोडल्या म्हणून आपोआप दंड होत नाही, मात्र न्यायालयात त्या पुरावा म्हणून पुढे ठेवता येतात.

ही कल्पना ब्रिटनने शोधून काढलेली नाही. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात पादचाऱ्यांशी कसे वागावे याचे वेगळे कलम आहे, आणि त्या करारातील ‘चालक’ या शब्दाच्या व्याख्येत सायकल चालवणारा स्पष्टपणे धरलेला आहे. सायकलवाल्यांना कायदाच लागू नाही, हे म्हणणे कागदावर तरी टिकत नाही.

शिक्षा वेगळी आणि भरपाई वेगळी

आता उरलेल्या दोन प्रश्नांकडे येऊ. फौजदारी खटल्यात सरकार आरोपीला शिक्षा मागते, आणि तिथे चालकाचा दोष निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. तसेच असायला हवे. कोणाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यायचे तर पुरावा भक्कमच हवा. दिवाणी दाव्यात मात्र प्रश्न असतो पैशांचा: उपचार, बुडालेली मिळकत आणि आयुष्यभराचे अपंगत्व यांचा भार कोणी उचलायचा.

ब्रिटनमध्ये दिवाणी दाव्यातही जखमी पादचाऱ्याला चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि त्याची स्वतःचीही चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. हे व्यवहारात कसे घडते, याचे बोलके उदाहरण २००४ मधील स्कॉटलंडच्या एका धडकेत सापडते. १३ वर्षांची एक मुलगी शाळेच्या मिनीबसमधून उतरली, बसच्या मागून रस्त्यावर आली आणि ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगाने येणाऱ्या मोटारीने तिला उडवले. मोटार वेगमर्यादेच्या आत होती. पण थांबलेल्या बसचे इशारादर्शक दिवे लुकलुकत असताना चालकाने वेग कमी केला नव्हता. पहिल्या न्यायालयाने मुलीचा दोष ९० टक्के धरला, वरच्या न्यायालयाने ७० टक्के, आणि २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्के. घटना तीच आणि पुरावाही तोच असताना मुलीच्या पदरात नुकसानीचा दहावा भाग पडावा की अर्धा, हे ठरायला अकरा वर्षे गेली.

याला पर्याय आहे दोषनिरपेक्ष दायित्वाचा. चूक कोणाची हे सिद्ध होण्याची वाट न पाहता, धोकादायक साधन बाळगणाऱ्यावरच भरपाईची जबाबदारी टाकणे, असा त्याचा अर्थ. जर्मनीत पादचाऱ्याला इजा झाली की मोटारीच्या धारकावर ही जबाबदारी येते, आणि २००२ च्या सुधारणेनंतर निव्वळ अटळ नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणावाचून त्याची तीतून पूर्ण सुटका होत नाही. पादचाऱ्याच्या चुकीमुळे भरपाई कमी होऊ शकते, मात्र दहा वर्षांखालील मुलाने मुद्दाम काही केले नसेल तर मोटारीशी झालेल्या धडकेत त्याच्या माथी दोष मारता येत नाही. फ्रान्सने ५ जुलै १९८५ च्या कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले. तिथे पादचाऱ्याची चूक अक्षम्य असेल आणि तीच धडकेचे एकमेव कारण असेल, तरच शारीरिक इजेची भरपाई नाकारता येते; १६ वर्षांखालील आणि ७० वर्षांवरील व्यक्तींना तर त्यांनी जाणूनबुजून स्वतःला इजा करून घेतली नसेल तर ती मिळतेच. नेदरलँड्समध्ये कायद्याचे कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मिळून असा नियम झाला आहे की, १४ वर्षांखालील पादचारी किंवा सायकलस्वार मुलाला मोटारीमुळे इजा झाली तर पूर्ण भरपाई, आणि मोठ्यांना, अटळ परिस्थितीचा अपवाद सोडता, किमान निम्मी.

‘मग निर्दोष चालकाने का भरायचे?’

हा आक्षेप रास्त आहे, आणि तो केवळ चिडून घेतला जातो असे समजण्याचे कारण नाही. नियमाने चाललेल्या चालकासमोर कोणी अचानक आले, तर त्याच्यावर बोजा का?

याचे पहिले उत्तर असे की, हा बोजा बहुतेक वेळा त्याच्या खिशावर येतच नाही. वर सांगितलेल्या सर्व देशांत मोटारीचा विमा सक्तीचा आहे आणि भरपाई विमा कंपनी देते. मोटारी वापरणारे सगळे मिळून मोटारींमुळे होणाऱ्या इजेचा खर्च वाटून घेतात, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. हा खर्च त्यांनी उचलला नाही तर तो नाहीसा होत नाही. तो अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरावर पडतो. दुसरे असे की, या तत्त्वाने कोणी गुन्हेगार ठरत नाही. फ्रान्समध्ये किंवा जर्मनीतही तुरुंगात पाठवायचे तर दोष सिद्ध करावाच लागतो.

‘मग लोक भरपाईसाठी मुद्दाम गाडीखाली येतील,’ असेही म्हटले जाते. स्वतःहून इजा करून घेणाऱ्याला भरपाई नाही, हे वरील कायद्यांमध्ये आहेच. शिवाय पाय मोडून घेऊन पैसे मिळवावेत असे वाटणारी माणसे कायद्याला डोळ्यांसमोर ठेवावी लागतील इतकी असतात, हे मला तरी पटत नाही.

सायकलस्वाराचे दुहेरी स्थान

दोषनिरपेक्ष दायित्वाचे हे नियम मोटारींसाठी आहेत. साधी सायकल पादचाऱ्यावर आदळली तर नेदरलँड्स आणि फ्रान्समध्येही हा विशेष कायदा लागू होत नाही. तिथे नेहमीचा दिवाणी कायदा पाहावा लागतो. त्यामागे तर्क आहे. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे ४०० पादचारी रस्त्यांवर मरतात, आणि त्यांतले सायकलच्या धडकेने मेलेले बहुतेक वर्षी एक आकडी असतात. कायदा मोठ्या धोक्यामागे आधी धावला, यात आश्चर्य नाही.

मात्र धडक बसलेल्या वृद्धेच्या बाजूने पाहिले तर या तर्काने समाधान होत नाही. दीड हजार ज्यूल तिला खाली पाडायला पुरेसे आहेत, आणि तिच्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे पुन्हा पूर्वीसारखे चालता येईलच असे नाही. दोष सायकलस्वाराचा ठरला, निकालही तिच्या बाजूने लागला, तरी त्याच्याकडे विमा नसेल आणि पैसेही नसतील तर तो निकाल कागदावरच राहतो. सायकलस्वारांच्या उत्तरदायित्वातले सर्वांत मोठे छिद्र हे आहे. शिक्षेच्या कलमांवर जितकी चर्चा होते त्याच्या निम्मीही यावर होत नाही. जर्मनीत अनेक कुटुंबांकडे व्यक्तिगत दायित्व विमा असतो, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे काही नुकसान झाले तर ते भरून देणारा विमा, आणि त्यात सायकलची धडकही येते. असा विमा स्वस्त पडतो, कारण सायकलमुळे होणारे एकूण नुकसान मोटारींच्या मानाने फार थोडे असते.

सायकलींना नंबरप्लेट लावा, ही मागणी मात्र हमखास पुढे येते. ती करून पाहिलेली आहे. कॅनडातील टोरांटो शहरात १९३५ पासून सायकलींना परवाना लागत असे. १९५७ मध्ये शहराने तो बंद केला. स्वित्झर्लंडमध्ये सायकलवर विम्याची चिकटपट्टी लावणे सक्तीचे होते. बहुतेकांकडे व्यक्तिगत दायित्व विमा असल्याने २०१२ च्या सुरुवातीला ती सक्तीही गेली. लहान मुलांच्या सायकलींपासून सगळ्यांची नोंद ठेवण्याचा खटाटोप मोठा आणि हाती लागणारे थोडे, असा हा प्रकार आहे. सायकलवर वाचता येईल इतकी मोठी पाटी बसवायची कुठे, हाही प्रश्न आहेच.

त्यापेक्षा काही साध्या गोष्टींचा आग्रह धरणे जास्त उपयोगाचे. दोन चालू ब्रेक, अंधारात दिवे, पदपथावर सायकल न चालवणे, आणि पादचारी व सायकली यांचा मार्ग सामाईक असेल तिथे चालणाऱ्याच्या गतीने जाण्याची तयारी. घंटी वाजवली की आपले काम झाले, असा समज सायकलस्वारांमध्ये बराच आहे. ज्याला ऐकू येत नाही, जो अंध आहे किंवा जो दचकून नेमका चुकीच्या बाजूला सरकतो, त्याला घंटीचा उपयोग नाही. वेग कमी केला तर सर्वांनाच उपयोग होतो.

फौजदारी बाजूनेही ब्रिटनमधली उणीव खरी होती, असे माझे मत आहे. मृत्यू घडवणाऱ्या बेदरकार सायकलस्वारासाठी दीडशे वर्षांपूर्वीचे कलम शोधावे लागू नये. पण त्यासाठीचे नवे कलम मोटारीच्या कलमाची नक्कल असावे का? शंभरपट ऊर्जा बाळगणाऱ्याकडून जितकी खबरदारी अपेक्षित आहे, तितकीच सायकलस्वाराकडून अपेक्षिणे हा काळजीच्या वरील क्रमाशी मेळ न खाणारा विचार ठरेल.

बॅटरी बसवली की सायकल राहते का?

युरोपीय संघात याला सरळ उत्तर आहे. मोटरची शक्ती २५० वॅटपर्यंत, पॅडल मारले तरच तिची मदत मिळणार आणि ताशी २५ किलोमीटरला ती मदत बंद होणार, असे असेल तर ती सायकल. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत करणारी असेल तर ती मोपेड, आणि नेदरलँड्समध्ये तिला नंबरप्लेट, विमा व परवाना लागतो. गडबड होते ती दोन ठिकाणी. कारखान्यातून सायकल म्हणून निघालेल्या वाहनाची वेगमर्यादा घरी काढून टाकली जाते, आणि सामान वाहणाऱ्या बॅटरीच्या सायकली भरल्या म्हणजे साध्या सायकलीच्या दुप्पट-तिप्पट वजनाच्या होतात. वजन तिप्पट तर ऊर्जाही तिप्पट. नाव सायकलचे असले तरी पादचाऱ्याच्या दृष्टीने हे वाहन वरच्या पायरीवर गेलेले असते, आणि विम्याची सक्ती कुठून सुरू व्हावी हे वाहनाचे वजन व वेग पाहून ठरवणे जास्त सयुक्तिक होईल.

‘पादचाऱ्यांना काहीच नियम नाहीत का?’

आहेत. सिग्नल पाळणे, महामार्गावर न जाणे, मोबाइलमध्ये डोके घालून रस्त्यात न उतरणे, हे त्यांनीही करायचेच आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतील शहरांनी तर नेमून दिलेल्या जागेखेरीज रस्ता ओलांडणे हाच गुन्हा ठरवला. त्याआधी रस्ता सर्वांचा मानला जाई. मोटारींचे उद्योग आणि संघटना यांनी पादचाऱ्याला दोषी ठरवण्याचा प्रचार हिरिरीने केला आणि तो यशस्वी झाला.

पण पादचाऱ्याच्या चुकीची किंमत तो स्वतःच्या शरीराने मोजतो, मोटारचालकाच्या चुकीची किंमत बहुधा दुसरा मोजतो, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. आणि पादचारी म्हणजे कोण? सात वर्षांचे मूल, ज्याला समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग नीट जोखता येत नाही. दृष्टी अधू झालेला माणूस, ज्याला बॅटरीवर चालणारी मोटार आली हे कळत नाही. युरोपीय संघाने अशा नव्या मोटारींना कमी वेगात कृत्रिम आवाज करणे २०२१ पासून सक्तीचे केले ते याचसाठी. मोटार चालवायला वय आणि परवाना लागतो, चालायला काहीच लागत नाही, आणि लागूही नये. म्हणून पादचारी कधीतरी चुकणार, हे धरूनच वाहन चालवावे लागते.

रस्ता आखणाराही जबाबदार

इथपर्यंत दोन माणसांमधल्या जबाबदारीचा विचार झाला. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘शून्य मृत्यू’ हे धोरण स्वीकारताना तिसऱ्याला त्यात ओढले. माणूस चुकणार हे धरून, त्या चुकीने जीव जाणार नाही असा रस्ता बांधणे ही रस्ता आखणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी मानली गेली.

सिग्नलचे उदाहरण घ्या. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे अनेक ठिकाणी गृहीत धरले जाते. १२ मीटर रुंद रस्ता त्या हिशेबाने १० सेकंदांत ओलांडला जातो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धाला १५ सेकंद लागतात. म्हणजे दिवा बदलतो तेव्हा त्याचा एक तृतीयांश रस्ता उरलेला असतो. मग त्याला धडक बसली तर ‘लाल दिवा असताना रस्त्यात होता’ अशी नोंद होते. त्याने नियम मोडला, की नियम आखताना त्याला मोजलेच नव्हते? अमेरिकेने २००९ च्या आपल्या मानकात हा वेग सेकंदाला सुमारे १.०७ मीटरपर्यंत खाली आणला, तो अशाच विचाराने.

वेगमर्यादेचेही तसेच. स्पेनने मे २०२१ पासून शहरांतील, प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली. ऑस्लो शहरात २०१९ या संपूर्ण वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर मेला नाही, आणि हेलसिंकीत त्याच वर्षी एकाही पादचाऱ्याचा जीव गेला नाही. तिथली माणसे एकाएकी सद्गुणी झाली नव्हती. वेग उतरवला होता, आणि ऑस्लोने शहराच्या मध्यभागातील मोटारी व त्यांच्या पार्किंगच्या जागाही घटवल्या होत्या.

घडले काय, हे कोण सांगणार?

सर्व कायदे नीट केले तरी एक अडचण उरते. गंभीर धडकेनंतर पादचारी बेशुद्ध असतो किंवा मेलेला असतो. घटनेचे वर्णन करायला शुद्धीवर असतो तो चालक. ‘तो अचानक समोर आला’ हे वाक्य म्हणूनच इतके ऐकू येते. पुष्कळदा ते प्रामाणिकही असते, कारण न पाहणाऱ्याला सगळेच अचानक येते. पादचारी किती दूर फेकला गेला, काच कुठे फुटली, यांवरून तज्ज्ञ वेगाचा अंदाज काढतात. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत धडकेआधीच्या पाच सेकंदांतला वेग आणि ब्रेक यांची नोंद ठेवणारे यंत्र असावे लागते. दोषनिरपेक्ष दायित्वाचा एक कमी बोलला जाणारा फायदाही इथेच आहे: भरपाई मिळण्यासाठी पादचाऱ्याला, ज्याला आठवतच नाही असे काही, सिद्ध करावे लागत नाही.

सायकलच्या धडकेत असे यंत्र नसते, आणि बऱ्याचदा पोलिसांत नोंदही नसते. दोघे उठतात, कपडे झटकतात आणि निघून जातात. डोक्याच्या आतला रक्तस्राव किंवा मनगटातील बारीक फ्रॅक्चर नंतर लक्षात येते, तोवर सायकलस्वार कोण होता हे सांगायला कोणी उरलेले नसते. म्हणून मोटार सामील नसलेल्या अशा धडका पोलिसांच्या आकडेवारीत कमी दिसतात आणि रुग्णालयांच्या नोंदींत जास्त. नंबरप्लेटपेक्षा सोपा उपाय असा आहे: पादचाऱ्याला धडक दिल्यावर थांबणे, नाव व पत्ता देणे आणि पोलिसांना कळवणे हे मोटारचालकाला जसे बंधनकारक असते, तसे ते सायकलस्वारालाही असावे, आणि न थांबता निघून जाणे हा धडकेपेक्षा वेगळा, स्वतंत्र गुन्हा मानला जावा. धडक बसलेल्याने आपल्या बाजूने, मार किरकोळ वाटला तरी, वेळ, जागा आणि पाहणाऱ्या एखाद्या व्यक्तीचा संपर्क लिहून ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण पुढे दावा करायची वेळ आली तर त्या दिवसाची वैद्यकीय नोंद हाच बहुधा त्याच्या हातातला एकमेव कागद असतो.